गोव्याहून दक्षिणेकडे



घडियाळी पोळीत बसून ध्रुवप्रदेशावर व्याख्यान म्हटल्यावर कोणी विचारील, उन्हाळ्यातल्या गोळ्यापलीकडे आपला आणि बर्फाचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. शाळेत आपण आमुंडसेन आणि स्कॉट यांची शर्यत वाचली, १४ डिसेंबर १९११ ही तारीख पाठ केली आणि पुस्तक मिटले.

मी आज सांगणार आहे ती गोष्ट त्यानंतर सत्तर वर्षांनी गोव्याहून सुरू होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज तेथून निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली त्यावर २१ भारतीय होते. मोहीम गुप्त ठेवली होती. ९ जानेवारी १९८२ रोजी मंडळी अंटार्क्टिकावर उतरली आणि ७७ दिवसांचा प्रवास संपवून गोव्यास परतली. यात हौसेपेक्षा हिशेब अधिक होता. त्या खंडाच्या कारभारात मत हवे, तर तेथे भरीव संशोधन करून दाखवावे लागते, असा अंटार्क्टिका कराराचा नियम आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये भारताला ते मत मिळाले.

त्याच वर्षाअखेर निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या आणि आपल्या अदिती पंत होत्या. ‘आपल्या’ मुद्दाम म्हणतो. जन्म नागपूरचा, घराणे औंधचे. मुत्सद्दी आप्पासाहेब पंत हे त्यांचे वडील. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजेसाहेब भवानराव हे आजोबा. पुण्यात शिकताना ॲलिस्टर हार्डी यांचे समुद्रावरचे एक पुस्तक हाती आले आणि त्यांची वाट ठरली. पुढे हवाई, लंडन आणि मग गोव्याची समुद्रविज्ञान संस्था. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून गावोगाव ग्रंथालये का काढली, याचे उत्तर मला अशा ठिकाणी सापडते.

भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया, एवढ्यावर आपण त्यांना हार घालून मोकळे होतो. मला ते अपुरे वाटते. अदितीबाईंचा विषय वनस्पतिप्लवक. डोळ्यांना न दिसणाऱ्या या समुद्री वनस्पती उन्हावर अन्न तयार करतात. त्या क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव खातो. क्रिलवर पेंग्विन आणि प्रचंड देवमासे जगतात. म्हणजे त्या गोठलेल्या दर्याची चूल कोठे पेटते, ते या बाई शोधत होत्या. हे काम कौतुकाच्या भाषणांत क्वचित येते.

याच मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभारले. बाकीचे परतले, बारा पुरुष हिवाळ्यासाठी मागे राहिले. ठाणे मात्र हिमपटलावर होते. साचणाऱ्या बर्फाखाली ते वर्षागणिक गडप होत गेले, आणि १९९० च्या सुमारास सोडून द्यावे लागले. तोवर ‘मैत्री’ उभे राहिले होते. या खेपेस खडकावर.