गोळी आईची, मूत्रपिंड बाळाचं
पाचव्या महिन्यानंतर गर्भजल म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच. ऐकायला विचित्र, पण खरं! म्हणून सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं, की डॉक्टर गोळ्यांचीही चौकशी करतात. कंबर दुखते म्हणून दुकानातून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक बाळाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासून ही औषधं टाळायला सांगितलं. गोळी वेळीच थांबवली, तर पाणी बहुधा पुन्हा वाढतं. रक्तदाबावरच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिलचा धोका याहून मोठा. जन्मल्यावर बाळाला लघवीच होत नाही, अशी वेळ येऊ शकते. तरीही रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडून ती बदलून घ्या. डॉक्टरांनीच दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन मात्र या टाळायच्या औषधांत नाही.