अडखळणारे मूल आणि घरची भाषा



सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणारी किती तरी मुले घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी पाठ्यपुस्तक उघडतात. चौथीत गेलेले मूल अडखळतच वाचत राहिले, की 'मठ्ठ आहे' असा शेरा मारून सारे मोकळे होतात. विड्या वळणाऱ्या त्याच्या आईलाही तो शेरा खरा वाटू लागतो.

वाचन हा एक गुणाकार आहे, अशी मांडणी गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली केली. अक्षरांवरून शब्द उलगडणे, गुणिले भाषा समजणे. बेरीज नव्हे; दोहोंपैकी एक शून्य झाले तर दुसरे कितीही मोठे असून उपयोग नाही.

म्हणजे एकाच शेऱ्याखाली दोन वेगळी मुले दडलेली असतात. एक मूल धडा घडाघडा वाचते, पण मराठी त्याची नसल्याने अर्थ हाती लागत नाही. दुसऱ्याला तेलुगूत गोष्ट सांगितली तर ते ती जशीच्या तशी परत सांगते, हजारी विड्यांची मजुरी तोंडी मोजते. मात्र कागदावरच्या खुणा आणि ध्वनी यांची सांगड त्याला घालता येत नाही. देवनागरीत 'कि'ची वेलांटी व्यंजनाआधी लिहायची व नंतर उच्चारायची. 'र' कधी रफार होऊन डोक्यावर चढतो, कधी पायाशी जातो. इतर मुले हे अंगवळणी पाडतात, हे मूल तिथेच अडते. हा डिस्लेक्सिया; बुद्धीच्या उणिवेशी त्याचा संबंध नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने अशाच एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. शिक्षण केवळ तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. त्याच्यासाठी निदान डॉक्टर तरी गाठला गेला!

पहिल्या मुलाला भाषा द्यावी लागते, दुसऱ्याला ध्वनी-अक्षरांचा संथ, नेटका सराव. ही निवड करायची तर घरच्या भाषेत तपासणी हवी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी चाचणी आणली, तीत हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी होत्या. त्या पहिल्या चार भाषांत तेलुगू नव्हती. तेलुगू मुलाला मराठीत तपासून आलेले कमी गुण नेमके कशाचे, हे कोण सांगणार?

याच्या उलट चूक पुरोगामी मंडळींकडून होते. गरिबाच्या मुलाला वाचता येत नाही, कारण गरिबी, असे म्हणून विषय संपवला जातो. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने तर मुख्यतः आर्थिक वा सांस्कृतिक वंचनेतून आलेली अडचण अध्ययन-अक्षमतेच्या व्याख्येतूनच वगळली. गरिबाच्या घरी डिस्लेक्सिया असूच नये की काय? आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येत असा अपवाद नाही. उलट, अशी मुले लवकरात लवकर ओळखावीत म्हणून शाळांबाबत प्रयत्न करण्याचे दायित्व कलम १६ ने शासनाप्रमाणे स्थानिक संस्थांवरही टाकले आहे. परीक्षेतील सवलतीला मात्र प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी रुग्णालयात हेलपाटे घालावे लागतात. हजारी दराने मजुरी मिळवणाऱ्या बाईचा त्या दिवशीचा हजार बुडतो, ही किंमत कोणत्याही अर्जात मांडलेली नसते.

महापालिकेच्या शाळांत तिसरीच्या प्रत्येक मुलाला त्याच्या घरच्या भाषेत एक गोष्ट सांगावी, ती परत सांगायला लावावी, मग एक पान वाचायला द्यावे. मुलामागे दहा-पंधरा मिनिटे लागतील. तेलुगू, कन्नड, उर्दू जाणणारे शिक्षक या शहरात दुर्मिळ नाहीत. नेमणुकीचा आदेश तेवढा निघायला हवा.