पाठीवर पिशवी, पानात भाकरी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलून गेली. आम्ही विद्वान नाही. आम्ही एकाच सरकारी खात्यातले तिघे मित्र. डिप्लोमा करून नोकरीला लागलो, चाळिशी ओलांडली आणि डोक्यावर घराचं कर्ज आहे. जोडून सुट्टी आली की पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात हिंडायचं, एवढा एकच नाद आम्हाला आहे. तिघेही शाकाहारी. फिरतो तिघे आणि खर्चही तिघांचा, म्हणून आज बोलणारा एक असला तरी 'आम्ही' असंच म्हणणार आहे.

विषय साधा आहे. अनोळखी शहरात कमी पैशांत राहायचं कसं आणि शाकाहारी माणसानं जेवायचं कुठं? आपल्यापैकी बहुतेकांची मुलं परीक्षेला, नोकरीला पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला जातात. मुलगा निघाला की आई पहिलं विचारते, "जेवणाचं काय रे?" त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात घरापासूनच करू. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की बिदरला जायचं, पण अनोळखी शहरात जावं तसं. बिदरमध्ये कुणाचा मामा आहे, कुणाची चुलत बहीण दिलेली आहे. पण कुणाकडे उतरायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही. प्रवासभाडं सोडून माणशी दिवसाला पाचशे रुपये, त्यातच राहणं, खाणं, चहा. कलबुर्गी ते बिदर रेल्वेमार्ग २०१७ साली पूर्ण झाला, अंतर सुमारे ११० किलोमीटर. गाडीची वेळ जमली नाही तर आपल्या महामंडळाची लाल बस आहेच.

पहिला नियम पिशवीचा. जी पिशवी बसमध्ये मांडीवर घेऊन बसता येत नाही, ती घ्यायचीच नाही. दोन जोड कपडे, पंचा, पाण्याची बाटली, एक स्टीलचा डबा. डब्यात दशम्या आणि शेंगांची चटणी. आपल्या आज्या प्रवासाला दशम्याच का देत असत, ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की सोवळ्याची अडचण राहत नसे आणि दशमी दोन दिवस मऊ राहत असे. सोवळं गेलं, पण दशमी अजून पोटाला आधार देते. डबा पहिल्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवशीही घरचाच डबा खायचा असेल, तर त्या गावाला गेलो कशाला?

दुसरा नियम मुक्कामाचा. यात्रेकरूंसाठी असलेले निवास, भक्तनिवास, एका खोलीत चार-सहा खाटा असलेली जागा, यांची चौकशी आधी करायची. खोली आधी पाहायची, भाडं मग ठरवायचं. सामान ठेवलं की पायी फिरायचं. बिदरचा किल्ला, महमूद गावाननं १४७२ साली बांधलेला मदरसा, चौबारा, बिदरीकाम करणाऱ्यांची दुकानं, हे सगळं चालत होतं. जस्त आणि तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार बसवून कारागीर त्याला किल्ल्यातल्या मातीनं काळं करतात. ते पाहायला पैसे पडत नाहीत, फक्त वेळ काढून उभं राहावं लागतं. गावाबाहेर अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतल्या अहमदशहा वलीच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळचा लिंगायत जंगम मानानं येतो. आपल्या भागाची ही रीत पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगितली की त्यांना खरी वाटत नाही.

आता जेवण. आपल्याकडे फलक नीट वाचता आला की अर्धं काम झालं. 'लिंगायत खानावळी' असं लिहिलं असेल तर शाकाहारी माणसानं बिनधास्त आत जावं. नुसतं 'खानावळी' असेल तर विचारावं. 'सावजी' असेल तर ते मांसाहारी जेवण, हे आधीच समजून घ्यावं. 'शुद्ध सस्याहारी' म्हणजे आपलं शुद्ध शाकाहारी. ज्याला कन्नड येत नाही त्यानं दोन वाक्यं पाठ करावीत. "ऊटा सिगतदेन्री?" म्हणजे जेवण मिळेल का हो? आणि "तत्ती हाकीरेन्री?" म्हणजे यात अंडं घातलंय का हो? शेवटचा 'री' विसरायचा नाही, त्यातच सगळा आदर आहे. आपल्या तुटक कन्नडला समोरचा हसतो आणि पानात एक भाकरी जास्त वाढतो, असा आमचा अनुभव आहे.

खानावळीत दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला जावं. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी तेव्हा मिळते. सोबत एण्णेगाई, म्हणजे आपली भरली वांगी, पुंडी पल्ल्या म्हणजे अंबाडीची भाजी, तुरीची घट्ट डाळ, शेंगांची हिंडी, कच्चा कांदा, ताक. आपल्या कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती डाळ तिच्या मुलुखातच गरम गरम खाणं ही चैन आहे आणि ती थोडक्या पैशांत होते. दिवसातून एकदा असं पोटभर जेवावं. सकाळी इडली किंवा सुसला, रात्री केळी, भाजलेले शेंगदाणे, दही. पोट बिघडलं तर स्वस्त सहल सर्वांत महाग पडते, म्हणून रात्रीचं तळलेलं टाळावं.

बिदरला रात्री आम्ही नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात जेवलो. गुरू नानक इथं आले आणि त्यांच्या पायाशी गोड पाण्याचा झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बिदरचेच. लंगर सर्वांना खुला आणि पूर्ण शाकाहारी असतो. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, पंगतीत खाली बसायचं, रोटी दोन्ही हातांनी घ्यायची. आमच्या एका बाजूला नांदेडहून आलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला मालमोटारीचा चालक, समोर महाविद्यालयातली मुलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर आम्ही अर्धा तास ताटं घासली. फुकट जेवलो हा भार त्यानं उतरतो असं नाही, पण झोप चांगली लागते.

परतताना हुमनाबादला उतरून माणिकनगरला गेलो. माणिकप्रभूंचं (१८१७ ते १८६५) सकलमत संस्थान आपल्या मराठी घरांना नवीन नाही. तिथल्या पंगतीतही आपण कोण, कुठले, हे ताट वाढण्याआधी सांगावं लागत नाही. आणि आपल्या गावात शरणबसवेश्वरांचं मंदिर आहे. त्यांनी (१७४६ ते १८२२) चालवलेला दासोह लोक आजही सांगतात. गाणगापूरला तर भिक्षा हाच प्रसाद. दुपारी पाच घरी झोळी धरायची, कारण त्या वेळी दत्तगुरू भिक्षेला कोणत्या रूपात येतील सांगता येत नाही, अशी भावना आहे. म्हणजे वाढणाऱ्यानं समोर कोण आहे हे विचारायचं नाही, कारण समोर कोण असेल ते माहीत नाही.

मंडळी, इथवर सगळं गोड झालं. आता थोडं तिखट.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात खात्याच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. शहराचं आणि त्या घराचं नाव घेत नाही. कुणीतरी सांगितलं की अमुक गल्लीत मराठी बाई घरगुती शाकाहारी जेवण देतात. आम्ही आनंदानं गेलो. परक्या गावात मराठी ऐकलं की निम्मी भूक तिथंच भागते. बाईंनी पाणी दिलं, चौकशी केली आणि दर सांगण्याआधी तिघांची आडनावं विचारली. दोन आडनावं ऐकून मान डोलावली. तिसरं ऐकल्यावर म्हणाल्या, "सध्या जागा नाही हो." मागं चार ताटं मांडलेली दिसत होती. आमचा तो मित्र काही बोलला नाही. जिन्यावरून उतरताना एवढंच म्हणाला, "मी लहानपणापासून माळकरी आहे, हे त्यांना सांगायचं राहिलं." त्या रात्री आम्ही तिघांनी केळी खाल्ली.

शाकाहारी जेवण शोधणं म्हणजे नेमकं काय शोधणं, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात आहे. ताटात काय आहे हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. तव्यावर आधी ऑम्लेट झालं होतं का, हेही विचारावं, त्यात लाज नाही. पण ताटावर कोण बसलंय, रांधलंय कुणी, हे विचारायला लागलो की तो प्रश्न शाकाहाराचा उरत नाही. पूर्वी आपल्या घरांत हे दोन प्रश्न एकच होते. परान्नाचा दोष मानत, म्हणून प्रवासात माणसं उपाशी राहत, नाहीतर दशमीवर भागवत. त्या काळच्या माणसांना आज दोष देऊन उपयोग नाही. पण आपल्या मुलांना परगावी पाठवताना त्यांच्या डब्याबरोबर कोणता प्रश्न बांधून द्यायचा, हे तर आपल्या हातात आहे.

आणि हे आपण बाहेरून शिकायला नको. याच बिदर जिल्ह्यातल्या कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक आणि दासोह सांगितला. हरळय्या चांभार आणि मधुवरस ब्राह्मण यांच्या मुलांचं लग्न लागलं, त्यापायी त्यांना जीव गमवावा लागला, अशी कथा इथल्या घराघरांत सांगतात. मराठी संतचरित्रांत दामाजीपंत आहेत. मंगळवेढ्याचे कामदार, बिदरच्या बादशहाचे चाकर. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली आणि बिदरहून बोलावणं आलं. मग विठोबा विठू महार होऊन धान्याचे पैसे भरायला बिदरला गेला. आम्ही सरकारी नोकर आहोत, वरिष्ठांना न विचारता कोठार उघडायची आमची छाती नाही. पण कथेतलं एक सोडता येत नाही. ज्याला आपण उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं, तोच रूप घेऊन देव आपल्या बिदरला आला.

म्हणून मुलांना आमचं सांगणं असं. अनोळखी गावात गेल्यावर पहिल्या दिवशीच मराठी घर शोधत फिरू नका. आधी त्या गावची खानावळ शोधा, त्यांची भाकरी, त्यांचा भात खा. त्यांच्या भाषेतली दोन वाक्यं शिका. शाकाहार पाळायचा असेल तर तो शांतपणे पाळा, शेजारच्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडू नका. मंदिरात, गुरुद्वाऱ्यात जेवलात तर तिथं थोडं काम करून या. लंगर म्हणजे फुकटचं हॉटेल नव्हे. खिशात असेल तेव्हा पेटीत टाका, नसेल तेव्हा ताटं घासा.

मोठ्यांनाही एक विनंती आहे. आपण इथं कित्येक पिढ्या आहोत. १९५६ साली राज्यांच्या सीमा ठरल्या, उदगीर-निलंगा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. आपल्यासाठी हे शहर अनोळखी नाही. पण दर वर्षी इथं कुणी ना कुणी नव्यानं येतंच. वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला आलेली मुलं, बदलीवर आलेले बँकेचे कर्मचारी, रुग्णाला घेऊन आलेले खेड्यातले लोक. संध्याकाळी बसस्थानकावर एखादा मुलगा पिशवी पायांत धरून फलक वाचत उभा असतो. त्याला मराठी येत असेल किंवा नसेल.

मंडळाच्या कार्यकारिणीला आम्ही दोन गोष्टी सुचवतो. शहरातल्या चांगल्या, स्वस्त शाकाहारी खानावळींची यादी मराठी, कन्नड आणि हिंदीत तयार करून मंडपाच्या दारात लावावी. यादी करायचं काम आम्ही तिघे करू, सगळीकडे जेवून पाहण्याची जबाबदारीही आनंदानं घेऊ. दुसरी गोष्ट, महाप्रसादाच्या दिवशी प्रत्येक घरानं या शहरात नव्यानं आलेला एक तरी माणूस सोबत आणावा. शेजारी राहणारा भाडेकरू असेल, कार्यालयातला नवा शिपाई असेल, वसतिगृहातली मुलगी असेल. पंगतीत त्याला आपल्या शेजारी बसवावं. भात हवा की भाकरी, तिखट चालतं का, एवढं विचारावं. आडनाव विचारू नये. जेवण झाल्यावर त्यानं आपणहून सांगितलं, तर ऐकून घ्यावं.

गणपती बाप्पा मोरया!