वस्तीची माहिती वस्तीच्या हाती



१० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या खटल्याचा निकाल दिला. घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे त्यातील तत्त्व परीक्षार्थींच्या टिपणवहीत असतेच. निकालाचा उत्तरार्ध मात्र क्वचितच वाचला जातो. पदपथावरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने ग्राह्य धरला, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत ती कारवाई लांबणीवर टाकली आणि १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती, त्यांना मालवणी येथे किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा देण्यास सांगितले. म्हणजे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला जागा मिळावी आणि दुसऱ्याला मिळू नये, असे घडू शकत होते. फरक एवढाच, की नऊ वर्षांपूर्वी एकाची नोंद झाली होती.

नोंद म्हणजे काय, याचा याहून कठोर धडा कोणत्याही संख्याशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

मुंबईत भायखळा परिसरातील पदपथवासी महिलांबरोबर ‘स्पार्क’ ही संस्था १९८४ पासून काम करीत होती. झोपड्या हटविल्या जाण्याची टांगती तलवार असताना या संस्थेने वस्त्यांतील लोकांना सोबत घेऊन १९८५ मध्येच सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी केली. पदपथावर राहणारे म्हणजे भिकारी, कालपरवा आलेले आणि उद्या निघून जाणारे, असा सर्वसाधारण समज होता. पाहणीतून वेगळे चित्र पुढे आले. बहुसंख्य लोक कष्टकरी होते. कामाच्या ठिकाणी पायी जाता यावे म्हणून त्यांनी ती जागा धरली होती, कारण रोजच्या प्रवासाचा खर्च त्यांच्या मिळकतीत बसणारा नव्हता. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे एकाच पदपथावर राहत होती आणि देशातील अत्यंत गरीब जिल्ह्यांतून आली होती. या अहवालाचे इंग्रजी शीर्षक ‘आम्ही, अदृश्य’ अशा अर्थाचे होते.

अहवाल प्रसिद्ध झाला म्हणून दुसऱ्या दिवशी घरे मिळाली नाहीत. १९८६ मध्ये या महिलांचे ‘महिला मिलन’ हे संघटन उभे राहिले व बचत गट सुरू झाले. पदपथवासीयांना झोपडपट्टी पुनर्वसनाच्या धोरणात पात्र ठरविण्यासाठी १९९५ साल उजाडावे लागले. माहिती आणि निर्णय यांतील हे अंतर विकासविषयक लेखनात सहसा झाकले जाते.

या पद्धतीचे मर्म प्रश्नावलीत नाही. बाहेरून आलेला प्रगणक भरदुपारी येतो, कुलूप पाहतो आणि ‘घर बंद’ असे लिहून पुढे जातो. घरातील माणसे कामावर गेली आहेत आणि रात्री परततील, हे शेजारणीला ठाऊक असते. म्हणून प्रथम वस्तीची पायी पाहणी, मग प्रत्येक दारावर खडूने क्रमांक, हाती काढलेला नकाशा, घरोघरची नोंद आणि अखेरीस तयार झालेली यादी वस्तीतच जाहीर करून हरकती मागविणे, असा क्रम ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’च्या कार्यकर्त्यांनी रूढ केला. यादीत खोटे नाव घुसले तर शेजारी बोट ठेवतात आणि खरे नाव गळले तरीही तेच बोलतात. या फेडरेशनचे नेते जोकिन अर्पुथम यांना २००० साली रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रेल्वे रुळांलगतच्या हजारो कुटुंबांचे स्थलांतर झाले, तेव्हा अशाच याद्यांचा आधार घेण्यात आला.

सेवांच्या दर्जाबाबतही असा प्रयोग झाला आहे. बंगळुरूमध्ये सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये नागरिकांचे ‘प्रगतिपत्रक’ तयार झाले. पाणी, वीज, कचरा या सेवांना नागरिकांनी गुण दिले आणि ते फारच कमी होते. पुढे १९९९ व २००३ मध्ये त्याच पद्धतीने पाहणी झाली. एकदाच केलेले मोजमाप तक्रार ठरते. तेच पुन्हा केले, की तुलना करता येते आणि प्रशासनाला उत्तर द्यावे लागते. २००३ च्या पत्रकात सुधारणा दिसली, पण त्यामागे राज्य शासनाचे प्रयत्नही होते, हे नोंदविले पाहिजे.

परीक्षार्थींनी विशेष लक्ष द्यावे, असा मुद्दा व्याख्येचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील झोपडपट्टीवासीयांची संख्या सुमारे ६.५५ कोटी होती. हा आकडा पाठ असतो; तो कोणाला मोजतो, हे क्वचितच विचारले जाते. जनगणनेने अधिसूचित व मान्यताप्राप्त वस्त्यांखेरीज ज्या वस्त्या ‘निर्धारित’ म्हणून धरल्या, त्यांत किमान ३०० लोकसंख्या किंवा सुमारे ६० ते ७० घरे असणे अपेक्षित होते. राष्ट्रीय नमुना पाहणीने हीच मर्यादा २० घरांची ठेवली. नाल्याच्या काठावर ४० घरांची, कुठेही अधिसूचित नसलेली एखादी वस्ती असेल, तर ती एका सरकारी दस्तऐवजात झोपडपट्टी ठरते आणि दुसऱ्यात ठरत नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. अशा समितीपुढे नळजोडणीचा किंवा शौचालयाचा प्रस्ताव येतो, तेव्हा या ४० घरांच्या बाजूने ठेवायला बहुधा एकच कागद असतो. तो त्यांनी स्वतः तयार केलेला असतो.