कोयते वाढवून ऊस संपतो, सॉफ्टवेअर नाही



रविवारी रात्री धाराशिवहून पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये सोमवारी हिंजवडीत हजर व्हायची घाई असलेली पोरंपोरी हमखास भेटतात. कुणी धाराशिवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेलं, कुणी तुळजापूरच्या. घरी चौकशी केली तर उत्तर ठरलेलं, ‘पोरगा कंपनीत आहे.’ कंपनीत करतो काय, हे सांगणं आईवडिलांना जड जातं, आणि खरं तर पोरालाही. म्हणून आज त्या कामाबद्दल थोडं, आणि ते करणाऱ्यांची टीम सांभाळण्याबद्दल जरा जास्त.

यातली बरीच मुलं सॉफ्टवेअर कन्सल्टिंगमध्ये असतात. म्हणजे बँक, विमा कंपनी, दवाखाना अशा दुसऱ्या कुणासाठी तरी सॉफ्टवेअर लिहून द्यायचं, आणि त्याआधी त्यांना नेमकं काय हवंय ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं. हे दुसरं काम जास्त अवघड. महाराष्ट्राला हा धंदा नवा नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली आणि फकीरचंद कोहलींनी ती नावारूपाला आणली. इन्फोसिसचा जन्मही पुण्यातला, १९८१चा; दोन वर्षांनी ती बंगळूरला गेली. बंगळूरकर हे आपणहून सांगत नाहीत, म्हणून मी सांगून टाकलं.

आता टीमकडे वळू. माणसं कामाला लावायची एक पद्धत आपल्या जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे, ऊसतोडीची. कारखान्यानं घाई केली की मुकादम कोयते वाढवतो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. १०च्या जागी २० कोयते लागले की फड निम्म्या दिवसांत मोकळा होतो, कारण एका कोयत्याला दुसऱ्याला विचारून ऊस तोडावा लागत नाही. कितीतरी मॅनेजर सॉफ्टवेअरकडे याच नजरेनं बघतात. काम लांबलं? द्या आणखी चार माणसं.

फ्रेड ब्रुक्स नावाच्या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं या समजुतीला सुरुंग लावला, त्यालाही आता पन्नास वर्षं झाली. आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते चांगलंच रेंगाळलं. तो अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. आधीच उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर उशीर वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष. नव्या माणसाला शिकवायला जुनाच माणूस लागतो. तेवढा वेळ त्याचं काम अडून राहतं. शिवाय इथं प्रत्येकाला दुसऱ्याशी बोलावं लागतं. ५ जणांत बोलण्याच्या जोड्या होतात १०. माणसं १० झाली की जोड्या ४५.

मग मॅनेजरनं करायचं तरी काय? माझ्या मते, वाईट बातमी आपल्यापर्यंत लवकर पोचेल एवढं बघितलं तरी त्याचा निम्मा पगार वसूल.

बऱ्याच ठिकाणी टीम रोज सकाळी पंधरा मिनिटं जमते. त्याला स्टँड-अप म्हणतात. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, हे प्रत्येकानं सांगायचं. पहिल्या दोन्हींची उत्तरं खणखणीत येतात. तिसऱ्याला सगळे म्हणतात, ‘काही नाही सर.’ आपल्याकडच्या पोरांचं हे विशेष. मोठ्यांपुढं तोंड उघडू नये, कळलं नाही तरी मान डोलवावी, हे घरात आणि शाळेत अंगी मुरलेलं असतं.

एका टीमचा किस्सा सांगतो. अमेरिकेतल्या क्लायंटकडून रोज औषधांच्या ऑर्डरींची फाइल यायची. तिकडे तारीख लिहिताना महिना आधी, दिवस मागून. प्रोग्रॅमनं दिवस आधी धरला. काम सुरू झालं १ मार्चला. ५ मार्चची ऑर्डर ३ मेची म्हणून निमूट आत जायची, कुणाला पत्ता नाही. १३ तारखेला मात्र प्रोग्रॅम कोसळला. दुष्काळात तेरावा महिना आपण बोलण्यात सहज आणतो. संगणकाला तो कॅलेंडरात सापडेना. टीममध्ये सगळ्यांत नवी असलेली कळंब तालुक्यातली मुलगी नंतर हळूच म्हणाली, ‘मला पहिल्याच आठवड्यात शंका आली होती. पण सीनियरनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल असं वाटलं.’

तिच्या मॅनेजरनं कोड कुणी लिहिला हे सगळ्यांसमोर विचारलं नाही. मुलीला सगळ्यांदेखत शाबासकी दिली. दुसऱ्या दिवसापासून स्टँड-अपमध्ये ‘झालं का?’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी ‘जेवढं झालंय तेवढं चालवून दाखव.’ आणि स्वतःला काय कळलेलं नाही, हे तो सगळ्यांच्या आधी सांगू लागला. साहेबच ‘मला हे समजलं नाही’ म्हणतो म्हटल्यावर इतरांची भीड चेपायला महिनाभर पुरला.

क्लायंटशी बोलतानाही हेच दुखणं. त्यांच्याकडे सकाळ असते, आपल्याकडे रात्र. जेवण खोळंबलेलं असतं आणि ‘हो, होईल’ म्हणून फोन ठेवणं सगळ्यांत सोपं असतं. याच मॅनेजरनं पुढच्या, सहा आठवड्यांच्या कामात दुसऱ्याच आठवड्याला सांगून टाकलं की पाच रिपोर्ट वेळेत बसणार नाहीत, तीन बसतील. कुठले तीन ते तुम्ही ठरवा. पलीकडून बरीच कुरकुर झाली. मग तीन ठरले आणि ते तारखेला गेले. उरलेले दोन पुढच्या टप्प्यात द्यायचे होते. त्यातला एक त्यांनी अजून मागितलेला नाही.