रात्री झोपा, मग डॉक्टर व्हा



निमंत्रण द्यायला आले तेव्हाच मुख्याध्यापक सरांनी विषय नेमून दिला होता. मेडिकलला जायचं असेल तर काय करावं, ते मुलांना सांगा, म्हणाले. सांगते. पण या व्यासपीठावरून समोर माहुलीचे सुळके दिसताहेत आणि डाव्या हाताला ती कौलारू इमारत दिसतेय. तिच्यातल्या शेवटच्या खोलीत आमची प्रयोगशाळा होती. आधी तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आमच्या वेळी अख्ख्या शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. जीवशास्त्राचे सर तो कपाटातून दोन्ही हातांनी उचलून आणायचे, खिडकीत ठेवायचे आणि खालचा आरसा फिरवून उजेड धरायचे. कांद्याचा पापुद्रा चिमट्याने अलगद सोलायचा, पाण्याच्या थेंबात पसरायचा, सॅफ्रनिनचा एक थेंब सोडायचा आणि वरची पातळ काच तिरकी धरून हळूच टेकवायची. आत बुडबुडा राहिला की सर म्हणायचे, "पुन्हा." कितीही वेळा राहिला तरी तितक्याच शांतपणे "पुन्हा." मग आम्ही रांगेने एकेक डोळा लावायचो. गुलाबी चौकोनांच्या ओळी आणि प्रत्येक चौकोनात एक गडद ठिपका. माझ्यापुढे टोकावड्याकडची एक मुलगी होती. डोळा न काढता ती म्हणाली, "अगं, हाच कांदा आपण काल भाकरीबरोबर खाल्ला!" पुढे मेडिकल कॉलेजात मी पुष्कळ चांगले सूक्ष्मदर्शक पाहिले. पण आपल्या रोजच्या ताटातलं काहीतरी आतून असं दिसतं, हा आनंद मला इथेच मिळाला.

आणि वसतिगृह. आमच्या वसतिगृहाच्या बाई रात्री साडेनऊला दिवे मालवायच्या. परीक्षा असो, निकाल असो, कुणी कितीही गयावया करो. कंदिलाची वातसुद्धा त्या स्वतः खाली करून जायच्या. "डोकं उद्या लागणार आहे, आज त्याला निजू दे," एवढंच बोलायच्या. त्यांनी मानसशास्त्राचं पुस्तक वाचलं नव्हतं. पण आज एवढी वर्षं शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पेशंट तपासल्यावर मी तुम्हाला जे सांगायला आले आहे, ते त्यांचंच म्हणणं आहे. मुलांनो, रात्री झोपा.

हसू नका, मी हे अगदी मनापासून सांगतेय. आसनगावहून, खर्डीहून पहाटेची लोकल धरून क्लासला जाणारी मुलं माझ्याकडे येतात. मुरबाडला तर अजून रेल्वे नाही, तिथली मुलं एसटीने कल्याणला जातात. परत घरी यायला रात्र, मग गृहपाठ, मग मोबाइलवर लेक्चर, झोप एक वाजता. तक्रार काय? डोकं दुखतं, छातीत धडधडतं, वाचलेलं आठवत नाही. मी काय काय तपासलं तरी औषध एकच निघतं. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. झोप तोडून वाचलेलं धड डोक्यात बसतच नाही. तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. तुम्हाला आठ जमत नसतील तर सात घ्या, पण रोज घ्या. रविवारी एकदम दुपारपर्यंत लोळून आठवड्याची भरपाई होत नाही.

आता नीटबद्दल थोडक्यात, कारण ते सगळं तुमच्या सरांना माझ्यापेक्षा ताजं माहीत आहे. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. त्यात जीवशास्त्राचे 90, भौतिकचे 45, रसायनचे 45. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. पेपर मराठीतूनही देता येतो. वेळ दुपारी दोन ते पाच, म्हणजे मे महिन्यात जेवणानंतरची पेंगायची वेळ. एका प्रश्नाला एक मिनिट मिळतं आणि प्रश्नात लिहिलेलं असतं, खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं आहे. जागरणाने थकलेलं पोर तो 'चुकीचं' शब्द वाचतच नाही आणि येत असलेल्या उत्तरावर गुण घालवून बसतं. एनसीईआरटीची पुस्तकं ओळन् ओळ वाचा, मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून दुपारी दोनलाच सोडवा. माझ्याकडून अभ्यासाबद्दल एवढंच.

आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या आपल्या शेजारच्या, कल्याणच्या. जन्म 1865 चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. 1883 साली अमेरिकेला गेल्या आणि 11 मार्च 1886 रोजी एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती. त्या जागेवर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. भाषणांमधून त्यांची जिद्द सांगतात आणि ती सांगायलाच हवी. पण डॉक्टर म्हणून मला त्या गोष्टीत त्यांचं शरीर दिसतं. परमुलखातली थंडी, न मानवणारं अन्न, अभ्यासाचा ताण आणि त्यावर क्षय. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. जिद्द शरीरातच राहते, आणि तुमच्या वाट्याला आलेला काळ त्यांच्यापेक्षा कितीतरी सोपा आहे. म्हणून शरीर झिजवून मिळवलेल्या मार्कांचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नका.

झोपेचं बोलतेच आहे तर झोपायचं कसं तेही सांगते. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या. आपल्याकडे भात आहे, लाकूडफाटा आहे, कुडाच्या भिंती आहेत आणि अंथरूण जमिनीवर असतं. मण्यार रात्रीच फिरते. तिचा दंश बहुतेकदा दुखतही नाही, खूण सापडेलच असं नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या उचलत नाहीत, थुंकी गिळता येत नाही, आणि तासाभरात श्वास अडकू शकतो. पोटदुखी म्हणून ओवा देतात, मग भगताकडे नेतात. त्यात जे तास जातात तेच त्या माणसाच्या जिवाचे असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते. कुणाला पान लागलं तर थेट तिथे आणा.

विंचवाचंही तेच. लाल विंचू चावल्यावर पूर्वी चांगली धट्टीकट्टी माणसं हृदय थकून जात. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या. प्राझोसिन नावाची रक्तदाबावरची साधी गोळी त्यावर चालते हे त्यांनी दाखवलं. तो लेख 1986 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर वाया जातो असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्याला हे सांगा. सरकारी कॉलेजातून एम.बी.बी.एस. झालात की एक वर्षाच्या सरकारी सेवेचं बंधपत्र असतंच. ते वर्ष डोळखांबला, कसाऱ्याला, धसईला काढा.

आता पुढच्या रांगांशी बोलते. पालकहो, तुमची पोरं ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली असोत की कुणबी, आगरी, जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत भरा. निकालानंतर धावाधाव केली की हातची जागा जाते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांचा दाखला मिळणार कुठून? मग तहसील कचेरीत गाव नमुना 14 च्या जुन्या नोंदी शोधाव्या लागतात आणि त्याला महिने जातात. राज्याच्या कोट्यात 85 टक्के जागा आहेत, त्यांत अनुसूचित जमातींना 7 टक्के. 2024 पासून अंबरनाथला सरकारी मेडिकल कॉलेजही आलं आहे. जागा अशी घरापाशी आलेली असताना एका कागदावाचून पोरीला परत पाठवू नका.

आणि पोरींचं वेगळं सांगायला हवं. भातसा, तानसा, वैतरणा आपल्या शहापुरात, मुंबई त्यांचं पाणी पिते आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट बघतात. विहिरीवर नंबर लावायला पहाटे तीनला कोण उठतं? बारावीची मुलगी. तिचा भाऊ झोपलेला असतो. परीक्षेच्या वर्षी तरी हंडा भावाच्या, बापाच्या डोक्यावर जाऊ द्या. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यात झोप कमी, मग ती पुस्तकावर मान टाकणारच. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी जेवणानंतर घ्यायची, फेकायची नाही. बाईंनो, समोर उभ्या राहून घ्यायला लावा.

सरपंच साहेब, शेवटचं मागणं तुमच्याकडे. नीट बहुधा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते आणि तोच आपला लग्नाचा हंगाम. हळदीच्या रात्री डीजे लागला की भिंतींना हादरे बसतात आणि गावात कुणाचा डोळा लागत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, ती आजची नाही, 2000 सालच्या नियमांतली आहे. पण पोलीस बोलावून लग्नघराशी वैर घ्यावं असं मी म्हणत नाही. येत्या 26 जानेवारीला ग्रामसभा आहे. फेब्रुवारीपासून नीटच्या दिवसापर्यंत दहाच्या ठोक्याला वाजप बंद, असा ठराव तुम्ही मांडा. नवरा-नवरीच्या घरचेच आधी हात वर करतील, कारण त्यांच्याही घरात कुणीतरी दहावी-बारावीला असतंच. मी त्या दिवशी झेंडावंदनाला इथे येणार आहे आणि ग्रामसभा संपेपर्यंत थांबणार आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो मुख्याध्यापक सरांकडे देऊन ठेवते.