अतिभारारोपण : महामारीतील सेवकांच्या मनाचा विचार

(व्याख्यानाची संक्षिप्त संहिता)



अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटचे दोन समजावताना बहुधा बैलाचे उदाहरण दिले जाते. वाजवीपेक्षा अधिक ओझे लादणे आणि भूक-तहान लागली असता चारापाणी रोखणे. बैलगाडीबरोबर हे अतिचारही मागे पडले, असे मानण्याची सोय २०२०-२१ च्या महामारीने ठेवली नाही.

कोरोना कक्षातील परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी यांनी पीपीई किट अंगावर चढविले की सहा-सहा तास पाण्याचा घोट नाही, शौचास जाणे नाही. कित्येक जणी कामावर येण्यापूर्वीच पाणी पिणे टाळीत. हा अन्नपाननिरोध कोणी हेतुपुरस्सर केला नाही, हे खरेच. परंतु तो घडला. शरीराचा शीण झोपेने उतरतो. मनाचे ओझे मात्र झोपही लागू देत नाही.

या ओझ्याचे स्वरूप नाशिककरांना सांगावे लागू नये. २१ एप्रिल २०२१ रोजी दुपारी महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि २२ रुग्ण प्राणास मुकले. हा आकडा पुढे वाढला. मृतांच्या कुटुंबीयांवर जे कोसळले, त्याला तुलना नाही. पण त्याच कक्षात खाटेखाटेपाशी धावणारे कर्मचारीही होते. हाताशी कौशल्य आहे, इच्छा आहे, केवळ नळीतून वायू येत नाही! रुग्णालय बंद ठेवता येणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर यायचेच होते. ‘वाचवू शकलो नाही’ हा सल भीतीहून निराळा असतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासातून मानसशास्त्राने त्याला ‘नैतिक आघात’ असे नाव दिले. जैन परिभाषेत अशा मनाला आर्तध्यानाने घेरले, असे म्हणता येईल.

समाजाने काय केले? २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या. बरोबर एक महिन्याने, २२ एप्रिलला, आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी केंद्र सरकारला १८९७ च्या साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करावी लागली. टाळ्यांपेक्षा हा अध्यादेशच त्या काळाविषयी अधिक सांगून जातो. गल्लोगल्ली घरे तपासणाऱ्या आशा सेविकांना तर जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी राज्यव्यापी संप करावा लागला. ‘कोविड योद्धा’ ही पदवी गौरवाची खरी, परंतु तिच्यात एक गैरसोय आहे : योद्ध्याला ‘थकलो’ म्हणता येत नाही.

रुग्णसेवेला आपल्या परंपरेत मोठे स्थान आहे. वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप होय, आणि ज्यांची वैयावृत्त्य करावी त्यांत ‘ग्लान’, म्हणजे आजारी साधू, याचा स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र सोळा कारण भावनांच्या ज्या यादीत वैयावृत्त्य येते, त्याच यादीत ‘शक्तितस्तप’ही येते. तप शक्तीनुसार करावे. स्वतःच्या तपाला जर ही मर्यादा आहे, तर दुसऱ्याकडून वेतनावर करून घेतलेल्या सेवेला ती नसावी काय?

हा प्रश्न केवळ शासकीय रुग्णालयांचा नाही. न्यासांचे दवाखाने, भोजनशाळा, पांजरपोळ आणि सभासदांची दुकाने-कारखाने येथेही माणसे राबतात. संकटकाळात त्यांच्या पाळ्या आळीपाळीने बदलणे, पाणी व विश्रांतीची वेळ ठरविणे, कामावर कोणी दगावल्यास सहकाऱ्यांना एकत्र बसवून बोलू देणे, रजा मागणाऱ्याकडे संशयाने न पाहणे, याला फार खर्च येत नाही. बोलूनही ओझे हलके झाले नाही, तर तज्ज्ञाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. कर्मचारी जेथे हजेरी लावतात, त्या भिंतीवर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला जावा.